हिरव्या टबाचं घर

"साडेअकरा टक्के गं, मिर्ता! साडेअकरा! आणि वर उद्या घरमालकीण मलाच विचारणार, आकडा तुमच्याच संघटनेचा ना, मग कुरकुर कसली?"

"हळू बोल, नेल्सन."

"लिफ्टमध्ये कोण ऐकतंय?"

मी ऐकत होते. आमची लिफ्ट म्हणजे तीन माणसांचा जाळीचा पिंजरा आहे, आणि तिसरी मी होते. छातीशी बिस्किटांचं खोकं धरलेलं, नाक नेल्सनच्या कॉलरपासून चार बोटांवर. नेल्सन आर्बेलो विद्यापीठात घरांचं अर्थशास्त्र शिकवतो, बारा वर्षं हंगामी नोकरीत. मिर्ता बाराले आमच्या संघटनेची अध्यक्ष. आणि मी संघटनेची सचिव, म्हणजे टायपिंग, टपाल, बिस्किटं आणि किल्ल्या. लिफ्टमध्ये आरसा असतो तशी मी असते. असते, पण मोजत नाहीत.

"सुल्मा ऐकतेय," मी म्हटलं. "पण सुल्माचंही भाडं तेवढंच वाढणार आहे. तेव्हा चालू द्या."

नेल्सन हसला. मिर्तानं पाचव्या मजल्याचं बटण पुन्हा दाबलं. लिफ्ट त्यानं लवकर पोचत नाही, पण बोलणं थांबतं.

तो मार्चमधला वार्षिक सभेचा दिवस होता. माँटेव्हिडिओत घरभाड्यानं राहणाऱ्या प्रत्येकाला तो दिवस ठाऊक असतो, कारण त्या दिवशी आमची स्थावर मालमत्ता अर्थशास्त्र संघटना 'आकडा' जाहीर करते. सरलेल्या वर्षात शहरातली भाडी किती वाढली, त्याचा आकडा. आमचे संस्थापक प्रोफेसर आदेमार इतुराल्दे यांनी तो शोधला म्हणून त्याला इतुराल्दे आकडा म्हणतात. वर्तमानपत्रं तो छापतात. आणि घरमालक करारात एक ओळ घालतात: 'भाडे दरवर्षी इतुराल्दे आकड्यानुसार वाढेल.' माझ्या करारातही ती ओळ आहे. एकोणतीस वर्षं तो आकडा मी टाईप करते आहे. म्हणजे स्वतःची भाडेवाढ मीच टाईप करते, शुद्धलेखन तपासते आणि खाली शिक्का मारते.

सभेत प्रोफेसर उठले. ब्याऐंशी वर्षांचे, डोक्यावर बेरेट टोपी, चष्मा कपाळावर. "साडेअकरा," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मी दाराशी उभी राहून सगळ्यांचे चेहरे पाहिले. सगळे बिस्किटांकडे बघत होते. आमच्या बिस्किटांत एवढं बघण्यासारखं काही नसतं.

त्याच आठवड्यात माझ्या घरमालकाचं पत्र आलं. करार एकतीस डिसेंबरला संपतोय. नवा करार नव्या भाड्यानं. तीस नोव्हेंबरपर्यंत सही करावी, नाहीतर घर सोडावं. मी हिशेब मांडला नाही, मांडायची गरजच नव्हती. ते भाडं भरलं तर फक्त भाडंच भरता आलं असतं. नाहीतर शहराबाहेर लास पिएद्रासला बहिणीच्या घरामागची खोली, जिथं तिनं शिलाई मशीन आणि नवऱ्याची मासेमारीची जाळी ठेवली आहेत. पालेर्मो मोहल्ल्यातल्या माझ्या दोन खोल्यांत मी एकोणीस वर्षं राहतेय. गच्चीवर रंगाच्या डब्यात लावलेलं लिंबाचं झाड आहे. यंदा पहिल्यांदा त्याला अकरा लिंबं आली. साडेअकरा नाही.

आता मला काय माहीत होतं ते सांगते.

मी बावीस वर्षांची असताना इथं लागले. तेव्हा आकडा असा निघायचा: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी रविवारच्या पेपरातल्या 'भाड्याने देणे'च्या जाहिराती कात्रीनं कापायची, कार्डांवर चिकटवायची आणि भाडं लिहायची. प्रोफेसर त्यांची सरासरी काढायचे. आता विद्यार्थी त्या जाहिराती संगणकावर गोळा करतात. कात्री गेली, पण रीत तीच राहिली. आणि कात्री हातात असलेल्या बाईला एक गोष्ट दिसते ती सरासरी काढणाऱ्याला दिसत नाही. दुरास्नो रस्त्यावरचं एक घर होतं, तिसरा मजला, 'हिरवा टब, समुद्राचा तुकडा दिसतो'. ते एवढं महाग होतं की ते कोणी घेतलंच नाही. म्हणून त्याची जाहिरात दर महिन्याला यायची. मी ती सलग एकतीस महिने कापली. एकतीस वेळा ते घर आकड्यात मोजलं गेलं. आणि माझ्या इमारतीत अठरा घरं आहेत, त्यांतून कोणी हलत नाही, त्यांची जाहिरात कधी येत नाही. ती एकदाही मोजली गेली नाहीत.

म्हणजे ज्या घरात कोणी राहत नव्हतं ते आम्ही एकतीसदा मोजलं. जिथं माणसं राहतात ती घरं सोडून दिली. आणि या आकड्यानं कोणाचं भाडं वाढलं? राहणाऱ्यांचं.

ही चूक दुसरं कोणी करणार नाही. भाजीवाला करणार नाही. यासाठी डॉक्टरेट लागते.

आणि हे मला एकटीला माहीत होतं असंही नाही. एकदा एका मुलीनं सभेत हात वर केला होता. पुढच्या वर्षी तिचा लेख 'वेळेअभावी' कार्यक्रमात बसला नाही. ते पत्र मीच टाईप केलं होतं. ती आता दुसऱ्या देशात शिकवते. तिच्यानंतर कोणाचा हात वर गेला नाही. कारण आकडा प्रोफेसरांचा होता, आणि प्रोफेसर सगळ्यांचे होते. निम्म्या सदस्यांना त्यांनीच शिकवलं. मलाही.

माझ्या पहिल्याच महिन्यात त्यांनी मला टेबलाखाली पुस्तक धरून वाचताना पकडलं. मला वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, "आवाज न करता वाचतेस, म्हणजे समजत नाहीये. समजायला लागलं की माणूस कुरकुरतो." आणि ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे दिली. तेव्हापासून मी कुरकुरत वाचत आले. कॉलेज मी पाहिलं नाही, पण या संघटनेचे नऊशे लेख मी टाईप केलेत. लेखकाला अडचणीची गोष्ट कुठं लपवायची असते ते मला कळतं. तळटिपेत.

एप्रिलमध्ये मी परिषदेचं आवाहन टाईप केलं. 'लेख पाठवण्याची शेवटची तारीख पंधरा ऑगस्ट.' ते पाकिटांत घालता घालता एक प्रत माझ्या पिशवीत ठेवली. काही ठरवलं नव्हतं. नुसती ठेवली.

मग सगळा हिवाळा, आमच्याकडे तो जून-जुलैत असतो, मी चालले. शनिवार-रविवार, शाल गुंडाळून, हातात थर्मास आणि वही. एक दार, एक प्रश्न: 'गेल्या वर्षी किती भाडं देत होता, यंदा किती?' बस्स. आमच्या लोकांना असं विचारायचं सुचत नाही, कारण त्यात समीकरण नाही.

"कोणाकडून आलात?" एका बाईनं साखळी न काढता विचारलं.

"स्थावर मालमत्ता अर्थशास्त्र संघटनेकडून."

"म्हणजे भाडं वाढवणारे?"

"हो."

"आत या. शिव्या द्यायच्यात, दारात बरं दिसत नाही."

बाहेर पाऊस होता, तेव्हा तिनं चरबीत तळलेल्या पिठाच्या पुऱ्याही दिल्या. शिव्या आणि पुऱ्या, दोन्ही गरम. तिचं भाडं मी लिहून घेतलं. एका म्हाताऱ्यानं आकडा कानात सांगितला. "कमी आहे," तो म्हणाला, "कारण मालक मला विसरलाय. त्याला वाटतं मी मेलो. तुमच्या कागदातही मेलेलाच ठेवा." मी त्याला मेलेलाच ठेवला, पण मोजला.

तीनशे सोळा दारं झाली. दोनशे सत्त्याऐंशी उघडली आणि बोलली. एकवीस तोंडावर बंद झाली. आठ ठिकाणी कुत्री होती. माझं स्वतःचं दार मी मोजलं नाही. तेवढी शिस्त मी याच लोकांकडून शिकले. जुलैअखेर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी उत्तर काढलं. पुन्हा काढलं. मग लिंबाच्या झाडाला पाणी घालून आले आणि तिसऱ्यांदा काढलं. साडेअकरा नव्हतं. चारच्याही किंचित खाली होतं.

लेख लिहायला पंधरा दिवस लागले. त्यातले बारा पहिल्या वाक्याला.

आता आमची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. संघटना लष्करी राजवटीत सुरू झाली. प्रोफेसरांना तेव्हा विद्यापीठातून काढून टाकलं होतं. एका बेकरीच्या मागच्या खोलीत ते सहा-सात जण जमायचे, आणि लेखावर नाव नसायचं. एकाचा लेख दुसरा वाचायचा. चर्चा व्हायची. आणि चर्चा संपल्यावर ज्याचा लेख असेल तो, वाटलं तर, उभा राहायचा. बरेच जण उभे राहायचे नाहीत. कोण बेकरीवाला आणि कोण खबऱ्या, कोणाला माहीत? पुढं लोकशाही आली, पण रीत राहिली. आजही आमच्या परिषदेत लेखाला नुसता नंबर असतो, वाचणाऱ्याची चिठ्ठी प्रोफेसरांच्या टोपीतून निघते, आणि लेखक शेवटी उभा राहतो. आता सगळेच उभे राहतात. आधीपासून टाय नीट करत बसतात.

लेखांवरची नावाची पानं काढून पाकिटात बंद करून कपाटात ठेवणं हे माझं काम. पंधरा ऑगस्टला मी माझं पान काढलं, पाकिटात घातलं, डिंक लावला. नंबर आला सत्तेचाळीस. परीक्षक भिंतीवरच्या यादीतल्या पाळीनं ठरतात. ती पाळी मी मोडली नाही. यादी अजून भिंतीवर आहे, कोणीही तपासावी.

सप्टेंबरमध्ये दोन्ही परीक्षकांनी लेख मान्य केला. एकानं लिहिलं होतं: 'शैली फारच घरगुती आहे, मात्र गणित बिनचूक आहे.' 'गणित बिनचूक' हे शब्द मी तीनदा वाचले.

टोपीतून चिठ्ठी निघाली ती नेल्सनची. सत्तेचाळीस नंबर त्याला वाचायचा होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला, लेखाची गुंडाळी करून हातावर मारत.

"सुल्मा, हा वाचलास तू?"

"मी सगळे वाचते."

"तळटीप सात. 'कुत्र्यांमुळे वगळलेली घरे: आठ.'" तो हसायला लागला आणि मधेच थांबला. "हा कोणी वेडा आहे. किंवा त्याला नोकरीच नाही. मला नोव्हेंबरात कायम करणारेत, माहितीये ना तुला? आणि मी हे मोठ्यानं वाचायचं? प्रोफेसरांसमोर?"

"तू फक्त वाचणार. लिहिलं दुसऱ्यानं."

"वाचताना तोंड माझंच हलणार ना!"

"मार्चमध्ये लिफ्टमध्येही तुझंच हलत होतं."

त्यानं हातातला लेख उलगडला, टेबलाच्या कडेवर सरळ केला आणि घेऊन गेला.

शेवटच्या लेखावर पहिला बोलण्याचा मान दरवर्षी प्रोफेसरांचा. आणि मिर्तानं सत्तेचाळीस नंबर शेवटी ठेवला होता, तोवर लोक जेवणाकडे पळालेले असतात म्हणून. म्हणजे तो प्रोफेसरांकडे जाणार होता. त्यांना आता बारीक दिसत नाही. मी त्यांची प्रत मोठ्या अक्षरांत छापली. नऊ पानांची सव्वीस झाली. गुरुवारी ते नेहमीप्रमाणे आले तेव्हा त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बगलेत धरली आणि येर्बाचा कडू चहा ओढला.

"पाणी उकळलंस पुन्हा," ते म्हणाले. "येर्बा जळते."

पुढच्या गुरुवारी आले. मी वाट बघत होते. "आज पाणी बरं आहे," ते म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही पाण्यावरच बोलले. सव्वीस पानं त्यांच्या पिशवीतून डोकावत होती, कोपरे दुमडलेले. माझ्या पर्समध्ये घरमालकाचं पत्र होतं, त्याचेही कोपरे दुमडलेले. त्यांना सांगावं असं दोनदा जिभेवर आलं. मी दोनदा येर्बा भरली.

ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला मिर्तानं मला तिच्या खोलीत बोलावलं. एकोणतीस तारखेला इथं सगळे बटाट्याच्या न्योकी खातात, ताटाखाली एक नोट ठेवून, म्हणजे पुढच्या महिन्यात बरकत येते. मिर्तानं दोन ताटं मागवली होती. माझ्या ताटाखाली नोट तिनंच ठेवली होती. तिथंच मला कळलं.

"हिरवा टब," ती म्हणाली. "तू ती जाहिरात मला दाखवली होतीस. मी नवीन होते तेव्हा. आपण किती हसलो होतो."

"हसलो होतो खरं."

"मागे घे, सुल्मा."

"का?"

"पहिल्या रांगेत घरमालक मंडळाचे लोक असतील. परिषदेचं जेवण त्यांचं आहे."

"मी घरून डबा आणीन."

"थट्टा नको. आणि नियमही आहे. लेखक सदस्य हवा."

"मी सदस्य आहे. दोन हजार तीनमध्ये वार्षिक सभेला एक माणूस कमी पडत होता. तूच मला दारातून ओढून आत बसवलंस आणि फॉर्म भरून घेतलास. कोणी नाव काढलेलं नाही. गणसंख्या भरायला मी सदस्य, आणि लिहायला नाही?"

मिर्तानं काटा खाली ठेवला. ती वाईट बाई नाही, हे इथं लिहून ठेवते. माझी आई गेली तेव्हा तीन दिवस माझं काम तिनं केलं, कोणाला कळू न देता.

"ते म्हातारे झालेत गं," ती म्हणाली. "त्यांच्याकडे आता दुसरं काय आहे? बायको नाही, मूल नाही. तो आकडा आहे. भर सभेत हे ऐकून त्यांचं काही झालं तर? तुला चालेल?"

हे मला झोंबलं. कारण हाच विचार मी हिवाळाभर दारोदार बरोबर घेऊन फिरले होते.

"नाही चालणार," मी म्हटलं. "पण मिर्ता, तो आकडा मला जिवंतपणी शिलाई मशीनच्या खोलीत पाठवतोय."

"तेवढंच ना? मी कार्यकारिणीत बोलते. तुझा पगार वाढवू. भाड्यापुरता. डिसेंबरपासून."

मी ताटाकडे बघत राहिले. न्योकी गार होत होत्या. खोटं कशाला बोलू, मला गच्ची दिसली. झाड दिसलं. 'हो' हा शब्द लहान आहे, पटकन निघतो.

"आणि बाकीच्या दोनशे सत्त्याऐंशी घरांचा पगार कोण वाढवणार?" मी विचारलं.

मी ताटाखालची नोट काढून तिच्या ताटाखाली सरकवली आणि न्योकी संपवल्या. अन्न टाकत नाही मी.

परिषद नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला होती. बाहेर जाकारांडाची झाडं जांभळी झाली होती, आत पंखे फिरत होते. मी मागे नावनोंदणीच्या टेबलाशी बसले, बिल्ले आणि पेनं घेऊन, जिथं दरवर्षी बसते. घरमालकाच्या करारावर मी अजून सही केली नव्हती. नऊ दिवस उरले होते.

यंदा शेवटच्या लेखाला कोणी जेवायला पळालं नाही. नेल्सन उठला. निळा शर्ट, इस्त्री केलेला, हातात कागद. त्याची कायम नोकरीची मुलाखत सोमवारी होती, आणि मुलाखत घेणारे दोघं समोरच बसले होते. त्यानं वाचायला सुरुवात केली ती अशी की जणू औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचतोय. पहिली दोन पानं तशीच गेली. मग तो त्या बाईपाशी आला, शिव्या द्यायला आत बोलावणाऱ्या. लोक हसले. नेल्सननं मान वर केली. त्यानंतर तो जरा मोठ्यानं वाचू लागला. हिरव्या टबाच्या घरापाशी त्याचा आवाज असा चढला की मलाही माझंच लिहिलेलं नवीन वाटलं. 'जे घर कोणी घेतले नाही ते आपण एकतीस वेळा मोजले. जी घरे कोणी सोडली नाहीत ती एकदाही मोजली नाहीत.' कुत्र्यांची तळटीपसुद्धा त्यानं वाचली. तळटिपा वाचायच्या नसतात.

वाचून झालं.

मग पहिल्या रांगेतला घरमालक मंडळाचा माणूस खुर्चीत मागे रेलला. "छान गोष्ट आहे," तो म्हणाला. "लेखक महाशय पायी फिरले वाटतं? दारोदार विचारत? म्हणजे आता भाडेकरू ठरवणार बाजारभाव!"

काही जण हसले. हसायची सवय असते लोकांना.

"चर्चेला प्रोफेसर इतुराल्दे सुरुवात करतील," मिर्ता घाईनं म्हणाली. "त्यानंतर प्रश्न. आणि त्यानंतर लेखकाची इच्छा असल्यास..."

मी उभी राहिले. बिल्ल्यांचा डबा कलंडला. सगळ्यांनी मागं वळून पाहिलं, आधी डब्याकडे, मग माझ्याकडे.

"मी फिरले," मी म्हटलं. "महाशय नव्हे, बाई. बुटांचे दोन जोड गेले."

कोणीतरी "सुल्मा?" म्हणालं, जणू आरशानं तोंड उघडलं.

"सुल्मा, खाली बस," मिर्ता म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, काकुळतीचा होता. "लेखकानं चर्चेनंतर उभं राहायचं असतं. चर्चा अजून व्हायचीय."

"मला माहीत आहे. तो नियम मीच टाईप केलाय. पण बसून एकोणतीस वर्षं झाली, मिर्ता. चर्चा मी उभ्यानं ऐकते."

घरमालक मंडळाचा माणूस शेजाऱ्याला विचारत होता, ही कोण? शेजारी सांगत होता, बिस्किटं आणते ती. नेल्सन मंचावरून खाली उतरलाच नव्हता. कागद हातात धरून तिथंच उभा होता, त्या दोघा मुलाखतवाल्यांच्या समोर.

मी प्रोफेसरांकडे पाहिलं. तेवढ्यासाठीच पाहिलं की त्यांनी छातीला हात लावला तर मी आधी पोचावं.

ते सावकाश उठले. टोपी काढून खुर्चीवर ठेवली. सव्वीस पानांचा गठ्ठा उघडला, चष्मा कपाळावरून खाली आणला, आणि गठ्ठा पुन्हा मिटला.

"लेखिका कोण ते मला पहिल्याच पानावर कळलं," ते म्हणाले. "एवढी मोठी अक्षरं माझ्यासाठी दुसरं कोणी छापत नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"दुरास्नो रस्ता, तिसरा मजला," ते म्हणाले. "हिरवा टब. मी ते घर पाहिलंय, सुल्मा. अठ्ठ्याण्णवचा हिवाळा होता. बायकोनं मला घराबाहेर काढलं होतं, आणि बरोबरच केलं होतं. मी जाहिरात वाचून गेलो. दरवान बाहेर थांबला, आणि मी त्या टबात बसून पाहिलं. कपड्यांसकट. समुद्राचा तुकडा दिसतो, ते खरं आहे. मग भाडं विचारलं. प्रोफेसराच्या पगारात बसणारं नव्हतं. कोणाच्याच पगारात बसणारं नव्हतं. सोमवारी कचेरीत आलो, तर तू त्याच घराचं कार्ड चिकटवत होतीस. तू मला विचारलंस, 'प्रोफेसर, हे पुन्हा मोजायचं?'"

ते मी विसरले होते. एकोणतीस वर्षांत मी हे एक विसरले होते.

"मी म्हटलं, मोज," ते म्हणाले. "तेव्हा या आकड्याला नाव मिळायला लागलं होतं. माझं नाव." त्यांनी खोलीभर नजर फिरवली, एकेका चेहऱ्यावर, जसं वर्गात हजेरी घेतात. बिस्किटं नव्हती, त्यामुळे कोणाला दुसरीकडे बघता येईना. "तुम्ही सगळे शहाणे आहात. मीच शिकवलंय तुम्हाला. आणि मला वाईट वाटू नये म्हणून इतकी वर्षं गप्प बसलात. ही एक सोडली तर."

मिर्तानं डोळ्यांवर हात धरला होता.

प्रोफेसरांनी सव्वीस पानं छातीशी धरली आणि पहिल्या रांगेकडे वळले. बेकरीच्या मागच्या खोलीत बोलत असतील त्या आवाजात, म्हणजे हळू, पण प्रत्येक शब्द भिंतीपर्यंत पोचेल असं म्हणाले:

"माझा आकडा चुकीचा आहे. सुरुवातीपासून चुकीचा आहे. आणि मला ते माहीत होतं."